कापलेली मिनिटं

आधीच सांगून टाकतो, मी तापट माणूस आहे. तीस वर्षं भाईंदर पूर्वेच्या एका गारमेंटच्या गाळ्यात कटिंग मास्टर होतो. टेबलावर कापडाचे शंभर-शंभर थर, वर खडूची आखणी आणि हातात घुंघुं करणारी मशीन. जरा हात हलला की शंभर शर्टांची वाट. त्यामुळे बाजूला कोणी नुसतं बडबडलं तरी मी खेकसायचो. ती सवय घरी आली ती आलीच. हंसा म्हणायची, "अहो, हळू बोला. इथे कोणाचं कापड कापताय?"

हंसा माझी बायको. भाईंदर पश्चिमेला, मोरव्याजवळच्या एका मराठी शाळेत गणित शिकवायची. आता शिकवत नाही. त्यात माझा काय हात होता ते सांगायला बसलोय. मध्ये कोणी बोलू नका, माझं तंत्र बिघडतं.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये तिला सहावीचा वर्ग मिळाला. चाळीस पोरं. मोरवा, राई, उत्तन, चौक, कुठून कुठून बस पकडून येणारी. त्या दिवशी घरी आली ती चप्पल न काढताच दारात उभी राहून बोटं मोजायला लागली. "मी आता त्रेपन्नची. सहावी, सातवी, आठवी, नववी, दहावी. ही मुलं दहावी पास होतील तेव्हा मी अठ्ठावन्नची. हीच माझी शेवटची मुलं, अहो. यांना मी दहावीपर्यंत नेणार. हेडमास्तरांकडून कबूल करून घेतलंय." तिला तेवढंच हवं होतं. या बाईने मला कधी सोनं मागितलं नाही, सिमला मागितलं नाही. चाळीस पोरं आणि पाच वर्षं, बस्स.

त्याच महिन्यात शाळेत अभिनव सर नावाचा नवा मास्तर आला. पोरगा हुशार, हातात कायम मोबाईल. त्याने सगळ्या शिक्षकांना एक पद्धत शिकवली. धडा बाईंनी घरी रेकॉर्ड करायचा, सहा-सात मिनिटांचा. मुलांनी तो घरी बघून यायचं, फोनवरच तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि वर्गात नुसती गणितं सोडवायची.

"म्हणजे शिकवणं घरी आणि गृहपाठ शाळेत?" मी म्हटलं. "हा काय उलटा कारभार?"

"उलटाच आहे. तेच तर बरं आहे," हंसा म्हणाली. "चौकची ती कॅरेन आहे ना माझी, तिचा बाप मोझेस बोटीवर, आई मार्सेलिन मासळी घेऊन बाजारात. पोरगी घरी गणिताला अडली तर विचारणार कोणाला? ऐकायला एकटं बसलं तरी चालतं. अडल्यावर कोणीतरी शेजारी लागतं."

मला पटलं. पण मी तसं बोललो नाही, बोलायची पद्धत नाही माझी.

तेव्हा माझा गाळा बंद पडून सहा महिने झाले होते. घरात बसून नुसता भिंतींवर चिडत होतो. आमची मुलगी मनाली पुण्याहून आली होती, तिने माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. "बाबा, नको असेल ते इथे कापायचं, मग दोन टोकं अशी जोडायची." माझ्यासारख्याला आणखी काय पाहिजे! दर रविवारी जेवण झालं की तीन वाजता हॉलमध्ये शूटिंग सुरू. खिडकीचा उजेड ज्या भिंतीवर चांगला पडतो तिथे पांढरा बोर्ड. त्याच्या वर शाळेने पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल दिलेलं घड्याळ. समोर हंसा, इस्त्रीची साडी, हातात मार्कर. आणि मी स्टुलावर फोन धरून.

पहिले सहा महिने काय मजा होती सांगू! कुकरची शिट्टी झाली, काप. शेजारच्यांची बेल वाजली, काप. हिला खोकला आला, काप. चेक्सच्या कापडाला शिवताना चौकटीला चौकट जुळवावी लागते, नाहीतर शर्ट फुकट. तसंच मी हिचा पदर, हिचा हात, मार्कर कुठे होता ते बघून टोकाला टोक जुळवायचो. जोड कुठे आहे ते माझं मलाही सापडायचं नाही. सोमवारी शाळेतून फोन यायचा, "बाई काय फाडफाड शिकवतात हो!" मी इकडे मिशीतल्या मिशीत खूश.

आणि कापलेलं मी टाकलं नाही. आमच्या धंद्यात कतरण टाकत नाहीत. कॉलरला लागते, खिशाला लागते, उद्या कोणाचा शर्ट फाटून आला तर त्याच कापडाचा तुकडा लागतो. फोनमध्ये एक फोल्डर केला, त्याला नाव दिलं 'कतरण'. जे कापायचो ते सगळं त्यात. पुन्हा उघडून कधी पाहिलं नाही.

सातवीच्या जुलैत तिने ऋण संख्यांचा गुणाकार घेतला. ऋण गुणिले ऋण धन कसं होतं? पुस्तकात नियम आहे, पाठ करा आणि गप्प बसा. हिला ते चालेना. मला गच्चीवर नेलं, फोन स्वतः धरला आणि म्हणाली, "उलटे चाला."

"वेड लागलंय का?"

"चाला हो. पाठीमागे."

आठ पावलं मी पाठीमागे चाललो, लोकांच्या वाळत घातलेल्या चादरींमधून. वर पापड वाळत घालायला आलेले शेजारचे ईश्वरभाई हातातली परात तशीच धरून म्हणाले, "बबनभाई, उल्टा क्यूं चल रहे हो? तबियत तो ठीक है ना?" हंसा इतकी हसली की फोन हलला. मग खाली येऊन तिने मला तोच व्हिडिओ उलटा चालवायला लावला. आणि काय, पडद्यावर मी सरळ चाललोय! "बघा मुलांनो," ती बोर्डासमोर उभी राहून म्हणाली, "सर उलटे चालले, ते ऋण. आपण फिल्म उलटी फिरवली, तेही ऋण. आणि सर पुढे चाललेले दिसतायत. ऋण गुणिले ऋण धन." गणितात मी कायम नापास. पण ते मला कळलं, आणि अजून लक्षात आहे. शाळेतली पोरं त्यानंतर मला 'उलटे सर' म्हणायला लागली.

त्याच्या थोडं आधीपासूनच कापण्याचं काम वाढत चाललं होतं. हंसा बोलता बोलता थांबायची. मार्कर हवेत, डोळे माझ्याकडे. मी म्हणायचो, "हं, बोल." ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एका वाक्याला दोन टेक, मग चार, मग सात. मला वाटलं, इलेक्शन ड्युटी झाली, डोकं शिणलंय. मला वाटलं, वय झालं. खरं सांगायचं तर मला काही वाटतच नव्हतं, मला नुसता राग येत होता. उजेड जायचा, हात भरून यायचा. मी खेकसायचो. आणि नंतर बसून असं कापायचो की सोमवारी सहा मिनिटांचा स्वच्छ धडा तयार.

तो धडा तीही बघायची. आधी कपाळाला आठी असायची. बघून झालं की मोकळा श्वास घ्यायची आणि म्हणायची, "येतंय की मला सगळं. उगाच घाबरत होते." मी म्हणायचो, "तेच सांगतोय तुला मघापासून." आम्ही दोघं चहा प्यायचो.

आता वर्गात काय व्हायचं बघा. वर्गात शिकवायचं नव्हतंच. पोरं चार-चारच्या गटात बसून गणितं सोडवणार, बाई मधून फिरणार, कोणाच्या पाठीवर हात ठेवणार. कोण अडलं तर गटातलंच दुसरं पोरगं सांगणार. चांगली पद्धत होती हो, पोरांना गणिताची गोडी लागली, सहामाहीत एकही नापास नव्हता. पण बाई आठवडाभर फळ्यापाशी उभी राहिली नाही तरी कोणाला काही खटकायचं नाही. खटकायची जागा एकच होती, आमचा हॉल. आणि तिथे कातर घेऊन मी बसलो होतो.

सप्टेंबरमध्ये सहामाहीच्या उजळणीला कॅरेनने हात वर केला. हे मला तिनेच नंतर सांगितलं. तिने विचारलं, "बाई, ऋण गुणिले ऋण धन का होतं, ते परत सांगा ना."

हंसाने फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "व्हिडिओ बघून आली नाहीस?"

"बगितला हाय बाई. तीनदा बगितला."

"तीनदा बघितलास आणि तरी विचारतेस? खोटं बोलतेस!" असं म्हणून तिने पोरीला शेवटच्या बाकावर टॅब देऊन बसवलं. घरून व्हिडिओ न बघताच आलेल्यांची जागा ती. चाळीस पोरांसमोर. आजपर्यंत हंसाने कोणाला खोटारडं म्हटलं नव्हतं.

घरी येऊन तिने मला हे सांगितलं. मी काय केलं? मी तिची बाजू घेतली. "पोरं आळशी झालीत," म्हणालो. "चांगलं केलंस." एकदाही विचारलं नाही, अगं, पण तू तिला उत्तर का नाही दिलंस?

शेवटच्या बाकावर कॅरेनने तो व्हिडिओ चौथ्यांदा बघितला. रडत बघितला म्हणे. धडा पाठच होता, मग नजर इकडेतिकडे गेली. बाईंच्या डोक्यावर घड्याळ होतं. एका वाक्याला त्यात तीन वाजून चौदा मिनिटं झाली होती, पुढच्या वाक्याला तीन बावीस. पदराला पदर जुळवणारा मी मोठा मास्टर. वर घड्याळ लटकतंय हे दीड वर्षात माझ्या डोक्यात आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत हंसाने वर्गाला जोडस्तंभालेखाचा प्रकल्प दिला. जोडस्तंभालेख म्हणजे एकेका गोष्टीसाठी शेजारी शेजारी दोन स्तंभ काढायचे आणि तुलना करायची. माहिती स्वतः गोळा करायची, पुस्तकातली नको. कोणी घरातलं वीजबिल आणलं, कोणी भावाची आणि स्वतःची उंची. सुट्टी संपली. पहिल्या शनिवारी अर्धी शाळा होती. दुपारी एकच्या सुमारास हंसा घरी आली, पिशवीतून एक गुंडाळलेला कार्डपेपर काढला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. चारी कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

"बघा," ती म्हणाली. "चौकच्या कॅरेनने काढलंय."

सतरा महिने, महिन्याला एक व्हिडिओ, सतरा जोड्या. निळा स्तंभ म्हणजे 'बाईंचा व्हिडिओ'. लाल स्तंभ म्हणजे 'बाईंचं घड्याळ', धडा सुरू होताना आणि संपताना घड्याळात दिसणाऱ्या वेळांतला फरक. निळे सगळे सारखे, सहा मिनिटं, सात मिनिटं. लाल पहिल्या जूनला नऊ मिनिटं. त्या दिवाळीला पंधरा. एप्रिलला सत्तावीस. सातवीच्या जूनला छत्तीस. ऑगस्टला पन्नास. ऑक्टोबरचा लाल स्तंभ कागदाच्या वरच्या काठाला टेकला होता, बहात्तर. खाली पट्टीने रेघ मारून, चांगल्या अक्षरात पोरीने लिहिलं होतं, 'निष्कर्ष: व्हिडिओ तेवढाच राहिला. वेळ वाढत गेला. बाई आमच्यासाठी जास्त जास्त मेहनत घेतात.'

मी लाल स्तंभ बोटाने पुन्हा मोजले.

"निष्कर्ष चुकलाय तिचा," हंसा शांतपणे म्हणाली. "पण मी पूर्ण मार्क दिले. माहिती बरोबर आहे." मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "अहो, बाकीची मिनिटं कुठायत?"

"टाकून दिली."

"तुम्ही? तुम्ही कधी चिंधी टाकली नाही. दाखवा मला."

"हंसा, जाऊ दे ना. जेवून घे."

"दाखवा."

मी कतरण उघडली. दुपारचं ऊन टेबलावर, चार वाट्यांमध्ये तो कागद, आणि वर फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. पहिले तुकडे कुकरचे, खोकल्याचे. ती हसलीसुद्धा. मग ते थांबणं सुरू झालं. फोनमधली हंसा मार्कर धरून उभी. दहा सेकंद. वीस. मग हळूच, "अहो, पुढे काय?" आणि तिच्यावर माझा आवाज, "मला काय विचारतेस? मास्तरीण तू की मी?"

पुढचा तुकडा. "अहो, पुढे काय?" "अगं चल ना, बॅटरी संपतेय."

पुढचा. "पुढे काय हो?" "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

माझा आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं. गाळ्यात मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू येतो? इथे हॉलमध्ये, स्वच्छ, एकेक शब्द. मी फोन बंद करायला हात पुढे केला. तिने माझं मनगट धरलं.

मग ऑगस्टमधला एक तुकडा आला. परिमेय संख्यांचा धडा. फोनमधल्या हंसाने मार्कर खाली ठेवला. बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे. तिचे डोळे भरले होते. "अहो, मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "काहीतरी होतंय मला. डोक्यात सगळं असतं आणि एकदम नसतंच. मला खूप भीती वाटतेय हो."

आणि माझा आवाज, "ते मी कापतो. तू पुढचं बोल."

फोनमधल्या तिने पदराने डोळे पुसले, मार्कर उचलला आणि म्हणाली, "तर मुलांनो." तिथून पुढचं व्हिडिओत गेलं होतं. ते चाळीस पोरांनी पाहिलं, तिने पाहिलं, मी पाहिलं. आणि आम्ही चहा प्यायलो होतो.

मी मान खाली घातली. आता ती ओरडेल, काहीतरी फेकून मारेल, असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ती त्या फोनकडेच बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी सांगितलं होतं तुम्हाला."

"हो," मी म्हणालो.

"मला वाटत होतं, आपण कोणाला सांगितलंच नाही. सांगायला हवं होतं, सांगायला हवं होतं, असं सारखं वाटायचं. सांगितलं होतं मी." तिच्या आवाजात राग नव्हता. मला तो राग आजपर्यंत मिळालेला नाही.

मग मीरा रोडचे डॉक्टर, डोक्याचे फोटो, रक्त, कागदपत्रं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, तीन-चार महिने असतील. हंसाने पिशवीतून कार्डपेपर काढून त्यांच्या टेबलावर पसरला. त्यांनी चष्मा वर करून तो बघितला. "हे दीड वर्षाचं आहे," ते म्हणाले. "कोणी काढलं?" हंसा म्हणाली, "माझ्या विद्यार्थिनीने." तेवढं बोलताना तिची मान ताठ होती. विसरण्याच्या त्या आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, ते तुम्ही ओळखलंच असेल, मी तोंडाने घेत नाही. बाहेर निघताना मी एकटा मागे थांबलो आणि विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, बरं झालं नसतं. पण चांगले दिवस थोडे लांबवता आले असते. मी विचारलं, थोडे म्हणजे किती? ते म्हणाले, ते कोणी सांगू शकत नाही.

हेडमास्तर भले माणूस. म्हणाले, वर्षअखेरपर्यंत बाईंना राहू द्या, अभिनव सर मदतीला राहतील. हंसानेच नाही म्हटलं. "ज्या पोरीने बरोबर प्रश्न विचारला तिला मी खोटारडी म्हटलं," ती म्हणाली. "उद्या आणखी कोणाला म्हणेन." दहावीचं नाव तिने काढलं नाही. मीही काढलं नाही. कपाटाच्या दाराला आतून तिने पाच वर्षांचं वेळापत्रक चिकटवलं होतं, ते अजून तिथेच आहे. ते काढायला माझा हात होत नाही.

डिसेंबरमधल्या एका रविवारी ती इस्त्रीची साडी नेसून हॉलमध्ये आली. "कॅरेनचा प्रश्न राहिलाय," म्हणाली. "फोन घ्या. आणि यावेळी कापायचं नाही. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. तिने बोर्डावर लिहिलं, ऋण तीन गुणिले ऋण दोन बरोबर. आणि थांबली. मी स्टुलावर फोन धरून गप्प. एवढा गप्प मी जन्मात बसलो नव्हतो. खाली भंगारवाला ओरडत गेला. कुकर झाला. ती पुसून पुन्हा लिहायची, बरोबरच्या चिन्हापर्यंत यायची आणि थांबायची. मग तिने माझ्याकडे बघितलं. "अहो, पुढे काय?"

"घाई नाही गं," मी म्हणालो. "तू तुझं घे."

गच्चीवरचं मी तिला सांगू शकलो असतो. जिभेवर होतं. पण चाळीस पोरांसमोर तिला मी शिकवायचं? मला ते जमलं नाही. बरोबर केलं की चूक, मला अजून कळलेलं नाही.

शेवटी तिने मार्करला टोपण लावलं आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "मुलांनो, बाईंना पुढचं आठवत नाहीये. मी खूप प्रयत्न केला. आता तुम्ही सोडवा. आणि कॅरेन, तू खोटं बोलली नव्हतीस." तीन वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती.

तसाच्या तसा ग्रुपवर टाकला. अभिनव सरांचा फोन आला. "सर, नक्की ना? एकदा बघून घेतलंत?" मी म्हटलं, "नक्की."

पुढच्या रविवारी दारावरची बेल वाजली. मार्सेलिन, पाटीतून बोंबील आणि थोडी कोलंबी घेऊन, आणि तिच्या मागे शाळेच्या ड्रेसमध्ये कॅरेन. रविवारी शाळेचा ड्रेस का, म्हणून मी विचारलं. "बाईंकडं आलो म्हनून," ती म्हणाली. आत्ता मी जे जे सांगितलं, शेवटच्या बाकाचं, घड्याळाचं, ते तिने तेव्हा सांगितलं. मान खाली घालून, जणू गुन्हा तिचाच. "सर, मला म्हाईत न्हवतं. माज्यामुळं बाईंची शाळा गेली."

"तुझ्यामुळे नाही," मी म्हणालो. "तू फक्त मोजलंस. कापलं मी."

तिने बरोबर तोच आलेख नव्याने काढून आणला होता. सतरा जोड्या होत्या तशाच. शेवटी एक अठरावी. निळा स्तंभ बावन्न, लाल स्तंभ बावन्न. दोन्ही अगदी एका उंचीचे, पट्टी लावून. आणि खाली 'निष्कर्ष' लिहून त्याच्यापुढे वाक्य नव्हतंच. नुसतं गणित होतं, ऋण तीन गुणिले ऋण दोन, बरोबरचं चिन्ह आणि पुढे धन सहा.

हंसाने कागद मांडीवर घेतला. स्तंभांवरून बोट फिरवलं, मग खालच्या ओळीवर आणलं. बोट त्या सहावर थांबलं. कॅरेन तिच्या तोंडाकडे बघत होती. मग हंसाने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून, विचारलं, "बरोबर आहे का हो?"

माझ्या डोळ्यांसमोर ती गच्ची आली, त्या चादरी, आणि फोन हलेपर्यंत हसणारी ही.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "तूच शिकवलंस."

"मग टिक करा ना," ती म्हणाली आणि तिच्या पर्समधलं लाल पेन माझ्या हातात दिलं. आयुष्यात कधी कोणाचा पेपर तपासला नव्हता. हात हलू नये म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, आणि टिक केली.